सर्व्हेचे प्रश्न आणि उत्तरं डेटाबेसमध्ये कशी मांडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापुरातले समाजकार्याचे विद्यार्थी, छोट्या संस्था आणि त्यांना सॉफ्टवेअर करून देणारी मुलं यांच्यासाठी आहे. उदाहरणं इथलीच आहेत: विडी कामगार बायका, यंत्रमाग, नळाचं पाणी. दाखवलेली उत्तरं नमुन्यादाखल आहेत, कुठल्या खऱ्या सर्व्हेतली नाहीत. टेबल, कॉलम, फॉरेन की एवढं माहीत आहे असं धरलंय.

एक्सेलमध्ये सगळं नीट चाललंय. डेटाबेसची भानगड कशाला?

दोनशे फॉर्म, वीस प्रश्न, एकच फेरी आणि भरणारा एकच माणूस असेल तर खरंच नको. एक्सेल वापरा आणि अहवाल लिहायला बसा.

अडचण कधी येते? तिघांनी आपापल्या लॅपटॉपवर भरलं आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरी’ अशा तीन फाइली झाल्या की येते. सर्व्हे अर्ध्यावर असताना कुणीतरी प्रश्नाचे शब्द बदलले की येते. पुढच्या वर्षी त्याच घरांत पुन्हा जायचं ठरलं की येते. यातलं एकही होण्याची शक्यता असेल, तर पहिला फॉर्म भरायच्या आधी टेबलं आखून घ्या. नंतर एक्सेल फोडून डेटाबेस करणं म्हणजे डोक्याला ताप.

डेटाबेस घेतला, पण टेबल एकच. प्रत्येक प्रश्नाला एक कॉलम. काय बिघडलं?

लगेच काही बिघडत नाही, म्हणून तर सगळे तसं करतात. लाइमसर्व्हे हे नावाजलेलं सॉफ्टवेअरसुद्धा आतून प्रत्येक सर्व्हेचं वेगळं टेबल करतं आणि प्रश्नागणिक कॉलम घालतं. एका ठरलेल्या, न बदलणाऱ्या प्रश्नावलीसाठी ते वेगवान आहे आणि अहवाल काढायला सोपंही.

पण त्या मांडणीत प्रश्न हा डेटा राहत नाही, तो टेबलाचा सांगाडा बनतो. नवा प्रश्न आला की टेबलच बदलायचं. ‘कॉलम १४’ म्हणजे नेमकं काय विचारलं होतं, हे डेटाबेसला ठाऊक नसतं. ते कुणाच्या तरी वर्ड फाइलमध्ये असतं आणि ती व्यक्ती नोकरी सोडून पुण्याला गेलेली असते. कॉलमच्या संख्येलाही मर्यादा आहे: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका टेबलात जास्तीत जास्त १६००, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबीमध्ये (म्हणजे त्याच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात) १०१७. बहुपर्यायी प्रश्नांचे पर्याय सुटे कॉलम करून मांडले, तर घरटी मोठ्या प्रश्नावलीत आपण वाटतं त्यापेक्षा लवकर तिथवर पोचतो.

मग टेबलं किती आणि कोणती?

किमान सहा. नावं तुमची तुम्ही ठेवा, कामं अशी:

‘सर्व्हे’ टेबलात सर्व्हेचं नाव, उद्देश, सुरू आणि बंद झाल्याची तारीख. ‘प्रश्न’ टेबलात प्रश्नाचे शब्द, प्रकार (आकडा, तारीख, मजकूर, एक पर्याय, अनेक पर्याय) आणि आकडा असेल तर एकक. ‘पर्याय’ टेबलात प्रत्येक पर्यायाची एक ओळ, ती कोणत्या प्रश्नाची हे सांगणारी फॉरेन की आणि दाखवायचा क्रम. ‘प्रतिसाद’ म्हणजे एका घरी जाऊन भरलेला एक फॉर्म: कोणी भरला, कधी, कुठे, पूर्ण झाला की अर्धवट. ‘उत्तर’ म्हणजे एका प्रतिसादातल्या एका प्रश्नाची एक ओळ. सहावं ‘उत्तर_पर्याय’, त्यात निवडलेले पर्याय.

उत्तराची एक ओळ जवळून बघू. विडी वळणाऱ्या बाईला विचारलं, ‘दिवसाला किती विड्या वळता?’ ती म्हणाली, ‘लाइट असली तर हजार होतंय, नाहीतर आठशे.’ ओळ अशी पडेल:

प्रतिसाद ७७ | प्रश्न १४ | स्थिती: उत्तर दिलं | आकडा: ? | मूळ शब्द: लाइट असली तर हजार होतंय, नाहीतर आठशे

त्या प्रश्नचिन्हाच्या जागी सर्व्हे करणारी मुलं बहुतेक वेळा ९०० लिहून मोकळी होतात. ती सरासरी बाईनं सांगितलेली नाही, मुलानं दारात उभ्या उभ्या मनात काढलेली आहे आणि नंतर ती कुणालाच दिसत नाही. म्हणून मूळ शब्दांचा कॉलम ठेवाच. अशी उत्तरं वारंवार येणार हे माहीत असेल, तर किमान आणि कमाल असे दोन आकडे घ्या. त्याहून बरं म्हणजे प्रश्नच बदला: ‘काल किती वळल्या? त्यातल्या छाटमध्ये किती गेल्या?’ (छाट म्हणजे नापास करून बाजूला काढलेल्या विड्या.) टेबल कितीही नेटकं असलं तरी ढिसाळ प्रश्न त्यानं सुधारत नाही.

अनेक पर्याय निवडता येणारे प्रश्न कसे ठेवू? एका कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन चालेल ना?

नाही. ‘विडी, शिवणकाम, धुणंभांडी’ असं एका खान्यात कोंबलं की ‘शिवणकाम किती जणी करतात’ याचं उत्तर काढायला मजकुरात शोधाशोध करावी लागते. त्यातच कुणी ‘शिवण काम’ असं तोडून लिहिलेलं असतं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं, तेव्हापासूनचा पहिला धडा हाच आहे: एका खान्यात एकच किंमत.

‘उत्तर’मध्ये त्या प्रश्नाची एक ओळ ठेवा आणि ‘उत्तर_पर्याय’मध्ये निवडलेल्या प्रत्येक पर्यायाची एक. वरची ओळ अनावश्यक वाटते, पण ‘विचारलं आणि तिनं एकही पर्याय निवडला नाही’ व ‘विचारलंच नाही’ यांतला फरक तिच्यामुळेच टिकतो. पसंतीक्रम विचारत असाल तर ‘उत्तर_पर्याय’मध्ये क्रमाचा एक कॉलम वाढवा, वेगळं टेबल नको.

इथे एक बारीक चोरवाट बंद करायची असते. प्रश्न १४ च्या उत्तराला चुकून प्रश्न २२ चा पर्याय जोडला गेला, तर साधी फॉरेन की काही बोलणार नाही. तो पर्याय टेबलात आहे, एवढंच ती बघते. म्हणून ‘पर्याय’ टेबलात प्रश्न क्रमांक आणि पर्याय क्रमांक या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दोनदा येऊ न देणारं) घाला. ‘उत्तर_पर्याय’मध्ये दोन्ही क्रमांक ठेवा आणि जोडीनंच फॉरेन की लावा. त्यातला प्रश्न क्रमांक ‘उत्तर’च्या ओळीतल्याच प्रश्नाचा असावा म्हणून तिकडेही तशीच जोडीची फॉरेन की. मग चुकीची जोडी डेटाबेसच आत घेत नाही. बंधनं अॅपमध्ये लिहू असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अॅप बदलतं, डेटा आयात करणारी स्क्रिप्ट अॅपला वळसा घालून जाते, टेबल मात्र तिथेच असतं.

अहवालात टक्केवारी काढताना भागाकार माणसांच्या संख्येनं करा, निवडलेल्या पर्यायांच्या संख्येनं नको. बेरीज शंभराच्या वर गेली तर घाबरू नका, ती जायलाच हवी.

आकडा, तारीख, मजकूर सगळ्यांना एकच ‘किंमत’ कॉलम ठेवला तर?

ठेवतात लोक, मजकूर प्रकाराचा. मग वयाची सरासरी काढताना प्रत्येक वेळी मजकुराचा आकडा करत बसा. आपल्याकडे त्यात आणखी एक गंमत आहे. फॉर्म मराठी कीबोर्डवर भरला गेला तर खान्यात ‘५००’ हे देवनागरी अंक येतात. पोस्टग्रेस त्याचा पूर्णांक करायला सरळ नकार देतं, तर मायएसक्यूएलमध्ये कास्ट (प्रकारबदल) केलं की नुसता इशारा देऊन ० हातात ठेवतं. नकार परवडला, शून्य नाही.

त्यामुळे आकडा, तारीख, मजकूर असे तीन कॉलम ठेवा आणि एका ओळीत त्यांपैकी फार तर एकच भरलेला असेल असं चेक बंधन (अट मोडणारी ओळ आत न घेणारं) घाला. मूळ शब्दांचा कॉलम यात धरू नका, तो सोबत असू द्या. मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती ८.०.१६ किंवा पुढची हवी; त्याआधीच्या आवृत्त्या चेक बंधन वाचायच्या आणि गुपचूप सोडून द्यायच्या. देवनागरी अंक आत येतानाच बदलून घ्या.

‘इतर (लिहा)’ या पर्यायाचं काय करायचं?

‘पर्याय’ टेबलात ‘मजकूर लागतो का’ असा हो-नाही कॉलम ठेवा आणि ‘उत्तर_पर्याय’मध्ये मजकुराची जागा. नंतर बसून ‘इतर’मधली उत्तरं वाचायची आणि गट पाडायचे. गट पाडलेली किंमत वेगळ्या कॉलममध्ये. मूळ मजकुराला हात लावायचा नाही. ‘इतर’ फारच भरलं असेल, तर पर्यायांची यादी तयार करताना कुणीतरी वस्तीत गेलंच नव्हतं असं समजा.

उत्तर मिळालं नाही तर खाना रिकामा सोडू का?

या प्रश्नाकडे जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं कुणी देत नाही. रिकाम्या खान्याचे निदान पाच अर्थ होतात: माहीत नाही म्हणाली, सांगायचं नाही म्हणाली, तिला तो प्रश्न लागूच नव्हता, विचारायचा राहून गेला, किंवा त्या वेळच्या प्रश्नावलीत तो नव्हताच. महिन्याच्या कमाईचा प्रश्न घ्या. शंभरातल्या वीस ओळी नल (म्हणजे रिकाम्या) आहेत एवढ्यावरून काय कळतं? वीसही जणींनी सांगायचं टाळलं असेल तर तो स्वतःच एक निष्कर्ष आहे. एकाच मुलानं भरलेल्या वीस फॉर्मांत तो राहिला असेल तर त्या मुलाला बोलावून घ्यायला हवं.

म्हणून ‘उत्तर’मध्ये ‘स्थिती’ कॉलम ठेवा आणि त्यात पहिल्या चारांपैकी काय झालं ते किंवा ‘उत्तर दिलं’ असं लिहा. पाचव्या अर्थासाठी ओळच नसते, तो आवृत्तीवरून कळतो. त्याबद्दल खाली येईलच. किंमत नल, कारण स्थितीत. जुनी पद्धत ९९ किंवा ‘उणे १’ लिहायची होती आणि अजून पुष्कळ फॉर्मांवर ती छापलेली दिसते. त्यात ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या आजी ९९ वर्षांच्या होतात आणि वस्तीचं सरासरी वय वाढतं.

सर्व्हे चालू असतानाच प्रश्न बदलावा लागला. आधीच्या उत्तरांचं काय?

समजा पाण्याचा सर्व्हे आहे. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पहिल्या आठवड्यात प्रश्न होता, ‘पाणी किती दिवसांआड येतं?’ कुणी सांगितलं ‘चार दिवसांआड’, कुणी ‘चार दिवसाला’. पहिल्याचा अर्थ मध्ये चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी पाणी. दुसऱ्याचा बहुधा चौथ्या दिवशी. दोन्ही खान्यांत ४ पडले. ही गफलत कळल्यावर सर्व्हे चालवणाऱ्या ताईंनी प्रश्न बदलला: ‘मागच्या वेळी पाणी कोणत्या तारखेला आलं? त्याच्या आधी कोणत्या?’ उत्तम प्रश्न. पण तो बदल ‘प्रश्न’ टेबलातली तीच ओळ खोडून केला, तर पहिल्या आठवड्यातली उत्तरं अशा प्रश्नाला चिकटतात जो त्या बायकांना कधी विचारलाच नव्हता.

उत्तर हे विचारलेल्या शब्दांचं असतं. एकदा एक जरी प्रतिसाद आला की प्रश्नाची ती ओळ गोठली. बदल म्हणजे नवी ओळ, नवा क्रमांक आणि ‘कशाच्या जागी आला’ हे सांगणारा, जुन्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम. सोबत ‘आवृत्ती’ नावाचं टेबल: सर्व्हे, आवृत्ती क्रमांक, कधीपासून लागू. आणि ‘आवृत्ती_प्रश्न’: कोणत्या आवृत्तीत कोणते प्रश्न, कोणत्या क्रमानं, कोणते सक्तीचे. ‘प्रतिसाद’ आता सर्व्हेकडे न जाता आवृत्तीकडे जातो. क्रम ‘प्रश्न’ टेबलात ठेवायचा नाही, कारण तोच प्रश्न दुसऱ्या आवृत्तीत पाचवा असू शकतो. क्रमालाही महत्त्व आहे: कर्जाचा प्रश्न कमाईच्या आधी विचारला की नंतर, यावर उत्तर बदलतं.

शुद्धलेखनाची दुरुस्तीसुद्धा नवी ओळ का? नको. पण दुरुस्ती कुठली आणि अर्थबदल कुठला, हे माणसानंच ठरवायचं. शंका असेल तर नवी ओळ करा. ओळी फुकट मिळतात. दोन्ही आवृत्त्यांची उत्तरं एकत्र मोजायची की नाही, हा निर्णय विश्लेषणाच्या वेळी घेता येतो, पण उत्तरं सुटी ठेवलेली असतील तरच.

प्रश्न मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवेत. चार कॉलम करू?

शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, काही वस्त्यांत उर्दू. एकभाषी सर्व्हे इथे फार लांब जात नाही. चार कॉलम आज पुरतील, पण पाचवी भाषा आली की पुन्हा सांगाडा मोडा. ‘प्रश्न_मजकूर’ असं टेबल करा: प्रश्न क्रमांक, भाषा, शब्द. पर्यायांसाठीही तसंच. ‘प्रश्न’ टेबलात मग प्रकार आणि एककच उरतं.

याशिवाय ‘प्रतिसाद’मध्ये प्रत्यक्ष कोणत्या भाषेत विचारलं ते नोंदवा. स्क्रीनवर मराठी आणि तोंडानं तेलुगू असं सर्रास चालतं. त्या बायकांना नेमके कोणते शब्द ऐकू आले हे मग कुणालाच माहीत नसतं, पण निदान असं झालं होतं एवढं तरी कळेल.

कॅरेक्टर सेटबद्दल (म्हणजे अक्षरं कशी साठवायची ते सेटिंग): मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइटच देतं. देवनागरी, तेलुगू, कन्नड तीन बाइटांत बसतात, उर्दू दोनमध्ये. म्हणजे चाचणीत सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस कुणीतरी शेऱ्यात इमोजी टाकतं. ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा, आवृत्ती ८.० पासून मूळ सेटिंग तेच आहे.

एका घरात पाच माणसं आहेत. प्रत्येकाचं वय, शिक्षण, काम विचारायचंय.

‘सदस्य’ नावाचं टेबल करा. प्रतिसादाला जोडलेल्या पाच ओळी. आणि ‘उत्तर’मध्ये सदस्य क्रमांकाचा कॉलम: घराबद्दलचा प्रश्न असेल तर रिकामा, माणसाबद्दलचा असेल तर त्याचा क्रमांक. ‘सदस्य १ चं वय’, ‘सदस्य २ चं वय’ असे वेगवेगळे प्रश्न करायचे नाहीत. आठ जणांचं कुटुंब भेटल्यावर काय कराल?

यात एक खड्डा आहे. एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर येऊ नये म्हणून आपण प्रतिसाद, प्रश्न आणि सदस्य या तिघांवर युनिक बंधन घालतो. पण एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) हिशेबात दोन नल एकमेकांसारखे नसतात. सदस्य रिकामा असलेल्या घरटी प्रश्नांना ते बंधन लागूच होत नाही आणि दुबार ओळी खुशाल आत येतात. पोस्टग्रेस १५ पासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ लिहून हे थांबवता येतं. बाकी ठिकाणी सोपा उपाय म्हणजे घरालाच सदस्य क्रमांक ० द्यायचा आणि तो कॉलम कधी रिकामा ठेवायचाच नाही.

‘नाही असेल तर थेट प्रश्न ८ वर जा’ हे कुठे लिहायचं?

‘कुठे उडी मारायची’ हे साठवू नका, ‘कधी विचारायचा’ हे साठवा. ‘अट’ टेबल: हा प्रश्न तेव्हाच दाखवा, जेव्हा त्या प्रश्नाला तो पर्याय निवडला असेल. मधे नवा प्रश्न घातला की उड्यांचे सगळे क्रमांक चुकतात, अटी मात्र जागेवर राहतात. शिवाय ‘लागू नाही’ ही स्थिती मग आपोआप भरता येते.

‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतची तक्त्यातली विधानं?

प्रत्येक विधान एक प्रश्न, सगळ्यांना पर्यायांचा एकच संच. ‘पर्याय_संच’ असं टेबल करून प्रश्नाला संच जोडा, म्हणजे दहा विधानांसाठी पन्नास ओळी लिहाव्या लागत नाहीत. जोडीच्या फॉरेन कीमध्ये मग प्रश्नाच्या जागी संच येईल. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ही पद्धत मांडली. १ ते ५ गुण ‘पर्याय’ टेबलातच ठेवा, कारण उलट्या विधानांना गुण उलटे लागतात आणि त्यांच्यासाठी दुसरा संच लागतो.

एवढी टेबलं करण्यापेक्षा सगळं उत्तर एका जेसन कॉलममध्ये टाकलं तर?

जेसन म्हणजे नाव-किंमत अशा जोड्यांचा एक मजकूर. पोस्टग्रेसमध्ये त्याचं जेसनबी हे रूप २०१४ पासून आहे, चांगलं आहे, इंडेक्सही (शोध वेगवान करणारी सूची) होतं. माझं मत असं: फोनवरून आलेला फॉर्म जसाच्या तसा जेसनमध्ये एक प्रत म्हणून जरूर ठेवा. आयातीत घोळ झाला तर परत मूळ गोष्टीकडे जाता येतं. पण मोजणी त्यावर करू नका. जेसनच्या आतल्या पर्यायाला फॉरेन की लावता येत नाही. ‘विडी’ आणि ‘बिडी’ अशा दोन किंमती आत शिरल्या, तर डेटाबेस तुम्हाला कधीच टोकणार नाही.

काही जाणकार वरच्या ‘उत्तर’ टेबलावरही नाक मुरडतात. वस्तू, गुण, किंमत असं सगळं उभ्या ओळींत ओतणं वाईट, असं त्यांचं म्हणणं. चादरींच्या साठ्यासाठी ते खरं आहे. तिथे लांबी, रुंदी, रंग हे गुण ठरलेले असतात आणि त्यांना सरळ कॉलम द्यावेत. सर्व्हेत मात्र प्रश्न हाच बदलता डेटा असतो, म्हणून इथे ती मांडणी रास्त आहे.

मुलं नेट नसलेल्या वाड्या-वस्त्यांवर फोनवर फॉर्म भरतात. क्रमांक एकमेकांवर आदळतात, तेच फॉर्म दोनदा येतात.

मंगळवेढा, सांगोल्याच्या बाजूला हे होणारच. क्रमांक सर्व्हरनं द्यायची वाट बघू नका. फॉर्म उघडताच फोननंच यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्याशी न जुळणारा लांबलचक क्रमांक) तयार करावा आणि तो ‘प्रतिसाद’मध्ये युनिक असावा. मग पाठवताना रेंज गेली आणि फोननं पुन्हा पाठवलं, तरी दुसरी प्रत आत येत नाही. ओडीके आणि कोबो ही फोनवर फॉर्म भरायची तयार सॉफ्टवेअरं याच तत्त्वावर चालतात. स्वतः अॅप लिहायच्या आधी ती बघून घ्या. भरल्याची वेळ आणि सर्व्हरला मिळाल्याची वेळ असे दोन कॉलम ठेवा. चाळीस प्रश्नांचा फॉर्म तीन मिनिटांत संपलेला दिसला, तर तो घरी बसून भरला असावा.

तेच घर पुढच्या वर्षी पुन्हा गाठायचंय. पत्ता कुठे ठेवू?

पत्ता प्रतिसादाला जोडा, माणसाला नाही. शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब पुढच्या वर्षी कुंभारीच्या रे नगरमध्ये भेटू शकतं. ३० हजार घरांचा तो प्रकल्प असून त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. पत्ता माणसाच्या ओळीत असेल, तर नवा लिहिताना जुना पुसला जातो आणि मागच्या वर्षीचं भाड्याचं उत्तर नव्या घराचं दिसू लागतं.

गावं, तालुके, पेठा यांची नावं टाइप करू द्यायची नाहीत, टेबलातून निवडायची. जिल्ह्याचे ११ तालुके आणि गावं यांना केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे कोड आहेत, तेच घ्या. नावं बदलतात, कोडचा आधार टिकतो: शेजारचा उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झाला, तुमचे २०२१ चे फॉर्म मात्र त्याच जिल्ह्याचे आहेत.

जिथे मोकळा मजकूर घ्यावाच लागतो, तिथे तो साठवण्याआधी युनिकोडच्या एनएफसी रूपात आणा. ‘ऱ’ हे अक्षर एकाच चिन्हानंही लिहिता येतं आणि र व नुक्ता जोडूनही; डोळ्याला सारखं, शोधताना वेगळं. एनएफसीनं ते एक होतं. काही कीबोर्ड ‘दुसऱ्या’ लिहिताना मधे न दिसणारा जोडक घालतात. तो एनएफसीनं जात नाही, त्याची सफाई वेगळी करावी लागते.

नावं आणि मोबाइल नंबर त्याच टेबलात ठेवले तर चालेल?

नको. ‘व्यक्ती’ हे टेबल वेगळं, शक्यतो वेगळ्या परवानगीचं. विश्लेषण करणाऱ्याला ते उघडताच येऊ नये. संमती कधी, कशासाठी, कोणत्या भाषेत घेतली हेही तिथेच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्यात माणसाला आपली माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. म्हणून ‘प्रतिसाद’मधून ‘व्यक्ती’कडे जाणारी फॉरेन की ‘ऑन डिलीट सेट नल’ ठेवा: माणूस पुसला, मोजणी राहिली. ‘कॅस्केड’ ठेवलं तर एका विनंतीसोबत सगळी उत्तरंही जातील. आधार क्रमांक तर घेऊच नका. ‘असू द्या, पुढे उपयोगी पडेल’ हे कारण होत नाही.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असंही नाही. एका गल्लीतली, विडी वळणारी, पदवीधर, सत्तावीस वर्षांची बाई किती असतील? अहवालात फार छोटे गट दाखवू नका.

अहवालासाठी सरांना आडवा तक्ताच लागतो. उभ्या ओळींचा आडवा कसा करू?

व्ह्यू लिहा, म्हणजे टेबलासारखी उघडता येणारी साठवलेली क्वेरी. प्रतिसादावर ग्रुप बाय करायचं आणि प्रत्येक प्रश्नासाठी ‘केस’ची एक ओळ, बाहेरून ‘मॅक्स’. हे हातानं लिहायचा कंटाळा येतो, म्हणून ‘आवृत्ती_प्रश्न’ वाचून ही क्वेरी तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. एक्सेल किंवा एसपीएसएसला (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) तो व्ह्यू द्या. साठवण उभी, दाखवणं आडवं. सरांनी आडव्या तक्त्यात केलेल्या दुरुस्त्या मात्र परत डेटाबेसमध्ये घ्यायच्या नाहीत. त्यांच्याकडून प्रतिसाद क्रमांक घ्या आणि मूळ ओळीत करा.

ओळी फार होतील, डेटाबेस हळू होणार नाही का?

१२०० घरं गुणिले ६० प्रश्न म्हणजे ७२ हजार ओळी. साध्या लॅपटॉपलाही हे जाणवत नाही. एक लाख घरं घेतली तरी ६० लाख. प्रश्न क्रमांकावर आणि प्रतिसाद क्रमांकावर इंडेक्स असला की झालं. फॉरेन की लावली म्हणजे इंडेक्स आपोआप होतो असं समजू नका. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत होतो, पोस्टग्रेसमध्ये तो वेगळा करावा लागतो.

मग घेऊ कोणता, पोस्टग्रेस की मायएसक्यूएल?

नव्यानं सुरू करत असाल तर पोस्टग्रेस. कॉलेजच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल आधीच असेल तर तेच, भांडत बसू नका. एकट्याचा प्रकल्प असेल तर एसक्यूलाइटही पुरतं, फक्त त्यात फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला प्रॅग्मा (सेटिंगची आज्ञा) लिहून ती चालू करावी लागते.

टेबलांची आणि कॉलमची नावं मराठीत ठेवली तर चालतात का?

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट, तिन्हीत चालतात. पोस्टग्रेसमध्ये नावाची लांबी ६३ बाइट आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हं. ‘कुटुंबप्रमुखाचे_मासिक_उत्पन्न’ त्यात बसत नाही आणि शेपूट छाटलं जातं. छोटी नावं ठेवा.